गावातली सूचना वाचून लोकांना नेमके काय करायचे ते कळायला हवे. ती कशी लिहावी?

खांडेपारकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पंचायतींच्या सूचनांचे मराठी मसुदे साधे करून देण्याचे काम इथले काही सदस्य मिळून करत आहेत. पाणी बंद, वीज बंद, पावसाळ्यातले इशारे, दाखल्यांना लागणारी कागदपत्रे असे विषय आहेत. खालची सूचना फक्त नमुन्यासाठी बनवली आहे. ती कुठल्या एका कार्यालयाची नाही, पण साचा गोवाभर ओळखीचा आहे. त्यातली १४ तारीख म्हणजे मंगळवार, १४ ऑक्टोबर धरा.

"तमाम नागरिकांना सूचित करण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याकारणाने दि. १४ रोजी सकाळी ८.०० पासून दि. १५ रोजी रात्री १२.०० वाजेपर्यंत पाणीपुरवठा खंडित राहील व तद्‍नंतर मर्यादित स्वरूपात होईल. तरी नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करावा, पाणी जपून वापरावे व सहकार्य करावे."

व्याकरण ठीक आहे, माहितीही खोटी नाही. तरी ही लागली की फोन सुरू होतात. आमच्या वाड्यावर आहे का? किती भरून ठेवू? "तद्‍नंतर" म्हणजे किती वाजता? ज्या सूचनेनंतर फोन करून विचारावे लागते ती अर्धवट आहे, असे माझे मत. अवघड शब्द बदलणे हे त्यातले शेवटचे काम. त्याआधी काय ठरवायचे, क्रम कसा लावायचा, कायद्याचा मजकूर कुठे टाकायचा, हे जाणकारांनी नेमके सांगावे.

चवाठा
पहिली चूक "रात्री १२". १५ तारीख लागते तेव्हाचे १२ की संपते तेव्हाचे? दोन्ही वाचता येतात आणि मध्ये पूर्ण एक दिवस जातो. "गुरुवारी पहाटेपासून पाणी येईल" असे लिहा. तारखेबरोबर वार हवाच. लोक आठवडा वारावर चालवतात, आणि तारीख चुकून छापली गेली तर वार जुळत नाही म्हणून चूक लगेच दिसते.

कुळागर
शब्दांच्या आधी वाचणारा ठरवा. पाण्याच्या सूचनेला निदान तीन वाचणारे आहेत: घरात पाणी भरणारे माणूस, खाणावळ चालवणारा, आणि ज्याच्या घरी तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तो. तिघांच्या मनात येणारे प्रश्न कागदावर उतरवा. माझ्याकडे बंद आहे का, कधीपासून, परत कधी, किती भरू, टँकर कुठे उभा राहील, पाणी आल्याबरोबर प्यायचे का, अडले तर कोणाला फोन. उत्तरे त्याच क्रमाने द्या. दुरुस्तीचे कारण एका ओळीत तळाशी. खांडेपारकरबाब, तुमच्या नमुन्यात कारण पहिल्या ओळीत आहे आणि गावाचे नाव कुठेच नाही.

"पुरेसा साठा" वाचून कोणी हलत नाही, कारण त्यात करण्यासारखे काही नाही. आपत्तीतल्या मदतकार्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर हा आकडा जगभर धरतात. पिणे, रांधणे आणि जेमतेम स्वच्छता त्यात येते. तुमचे ४० तास म्हणजे दोन दिवस धरा. चार माणसांना १२० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या. हे वाचले की माणूस उठून घरातल्या बादल्या मोजतो.

अबोली
कुळागर, १५ लिटरमध्ये कपडे बसणार नाहीत. जलजीवन मिशन ही केंद्राची नळयोजना गावच्या नळाला दिवसाला माणशी ५५ लिटर धरते, त्या मानाने १५ फारच तुटपुंजे. म्हणून आकड्याबरोबर "कपडे सोमवारीच धुऊन घ्या" हेही सांगा. आणि "साठा करा" म्हटले की "झाकून ठेवा" त्याच वाक्यात आले पाहिजे. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. पाणी आल्यावर उरलेली पिंपे तशीच राहिली तर पाण्याचा प्रश्न सुटून तापाचा सुरू होईल.

डिचोलीकर
थोडा विरोध नोंदवतो. "जलवाहिनी", "खंडित" हे शब्द मराठीत कारभार चालावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले आहेत. गोव्यात तर मराठीसाठी माणसे झगडली आहेत. सोपे करण्याच्या नादात सगळीकडे पाइपलाइन, सप्लाय, शटडाऊन आले तर उद्या मराठीत सूचना लिहिण्याची गरज तरी काय, असेच कोणी विचारील.

कुळागर
डिचोलीकरबाब, काळजी रास्त आहे आणि "शटडाऊन" मलाही नको. कसोटी एवढीच ठेवा: तक्रार करायला फोन केलेला माणूस कोणता शब्द वापरतो? तो "पाइप फुटला", "नळ गेला", "पाणी येत नाही" म्हणतो. "पाणी येणार नाही" यात परका शब्द एकही नाही आणि "पुरवठा खंडित राहील" यापेक्षा ते जास्त मराठी आहे. जड सूचनांचा भार तसाही शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत असतो. "करण्यात येणार असल्याकारणाने" यात परके काही नाही, पण काम कोण करणार ते वाक्यातून नाहीसे झाले आहे.

आणि एका वस्तूला एकच नाव. वर "जलवाहिनी", मध्ये "मुख्य नलिका", खाली "पाइप" असे आले की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. शाळेत तोच शब्द पुन्हा वापरू नका असे शिकवतात. निबंधाला ते ठीक, सूचनेला घातक.

मसुदालेखनिक
कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

कायद्याखाली निघणाऱ्या नोटिशीतले कलम, तारीख, सही, पदनाम आणि विहित शब्द गाळता येत नाहीत. गाळले तर नोटीस कोर्टात टिकेलच असे नाही. म्हणून एकाच कागदाचे दोन भाग करा. वर चौकटीत साधा मजकूर, खाली कायदेशीर मजकूर जसाच्या तसा, आणि चौकटीच्या शेवटी "हा सारांश आहे. कायदेशीर मजकूर खाली आहे" ही ओळ. सारांश लिहिताना अपवाद हमखास गळतात. ज्या अपवादामुळे कोणाचा हक्क किंवा पैसा जातो तो वर चौकटीतच हवा, मग चौकट दोन ओळींनी वाढली तरी चालेल.

दुसरी गोष्ट "-वा/-वी/-वे". "पाणी उकळून प्यावे" हा सल्ला. "अर्जासोबत दाखला जोडावा" ही सक्ती. रूप एकच, म्हणून दाखला न जोडता माणूस येतो आणि खिडकीवरून परत जातो. सक्ती असेल तर तसे उघड लिहा: "दाखला जोडलाच पाहिजे. नसेल तर अर्ज घेतला जाणार नाही." सल्ला असेल तर "उकळून प्या". मुभा असेल तर "जोडला तर चालेल, नसला तरी अर्ज घेतला जाईल".

तिसरी, मुदत. "३० दिवसांच्या आत" एवढेच लिहून भागत नाही. दिवस कधीपासून मोजायचे? माहिती अधिकारातले पहिले अपील घ्या: उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस, आणि उत्तर आलेच नाही तर उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवस. मोजणी कुठून सुरू होते ते न सांगता "३० दिवस" छापले तर अपील मुदतीबाहेर जाते. सगळ्यांना एकच शेवटची तारीख लागू असेल तेव्हा दिवस मोजायला लावूच नका, तारीख छापा.

म्हापशेकर
कागदपत्रांच्या यादीतला तिरका दांडा काढून टाका. "आधार/मतदार ओळखपत्र/रेशनकार्ड" म्हणजे तिन्ही की कुठलेही एक? त्याऐवजी "खालीलपैकी कोणतेही एक" हा मथळा आणि खाली एकेक ओळ. मग "ही सगळी हवीत" हा दुसरा मथळा. मूळ दाखवायचे की प्रत द्यायची, प्रतीवर सही स्वतःची की अधिकाऱ्याची, हे प्रत्येक ओळीपुढे. लोकांची दुसरी फेरी बहुतेक याच तीन गोष्टींनी होते. १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढायला मामलेदार कचेरीत यायचे म्हणजे कोणाचा तरी रोज बुडतो.

अबोली
+१. दाखला कुठे मिळतो तेही त्याच ओळीत लिहा. "एक-चौदाचा उतारा" (जमिनीच्या नोंदीचा) म्हटले की शेतीवाल्याला कळते. नव्याने घर घेतलेल्याला तो कागद कोणता आणि कुठून आणायचा हे कळत नाही.

सत्तरीकर
माकडतापाची, म्हणजे रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, सूचना घ्या. सत्तरीत हा विषय जिवाचा आहे, आणि काजूचा हंगाम नि तापाचा हंगाम एकाच वेळी येतात. "वनक्षेत्रात प्रवेश करताना कीटक प्रतिबंधक उपाययोजना अवलंबाव्यात व लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." काजूत जाणारी बाई आपण "वनक्षेत्रात प्रवेश" करतो असे समजतच नाही. ती आपल्या बागेत जाते. म्हणजे सूचना तिच्यासाठीच असून तिला लागत नाही.

अशी सूचना दिवसाच्या क्रमाने लिहावी.

काजूत जाण्याआधी: अंगभर कपडे घाला. उघड्या हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा तेल लावा, त्याने गोचीड दूर राहते.
काजूत असताना: पाल्यावर बसू नका, आडवे होऊ नका. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा.
घरी आल्यावर: कपडे गरम पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा, अंगावर गोचीड आहे का बघा. पिल्ले खसखशीएवढी बारीक असतात.
ताप आला तर: त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि "मी काजूत जाते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

ही शेवटची ओळ जुन्या सूचनांत नसते. साध्या तापाची गोळी घेऊन घरी बसण्याचा धोका तिथेच आहे.

काणकोणकर
सत्तरीकर, फार उपयोगी. पावसाच्या इशाऱ्यांतही हेच होते. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यावर अत्यंत जोरदार पाऊस. अभ्यासाला हे आकडे हवेतच, पण गावच्या फलकावर "११५.६ मिमी" वाचून कोणी काय करावे? रंगाला कृती जोडा. पिवळा: बातम्यांवर लक्ष ठेवा. नारिंगी: तयारी करा, म्हणजे दुचाकी झाडाखालून काढा, फोन चार्ज करा, नदीकाठची गुरे वर आणा. तांबडा: सांगितले ते आत्ता करा. आणि रंगाचे नाव अक्षरांत लिहा. नारिंगी नि तांबडा पट्टा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सारखाच करडा येतो, शिवाय रंग ओळखू न येणारी माणसेही असतात.

लिपीकार
आता कागदाचे.

देवनागरीत ओळींमध्ये जागा जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने सोडली तर वरच्या ओळीचा उकार नि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ओळ ठेवा. फलकावरच्या ए-फोर कागदाला मजकूर किमान १६ पॉइंट, मथळा ४० च्या पुढे. रस्त्याकडेच्या पाटीचा ढोबळ हिशेब: दहा फुटांवरून आरामात वाचायचे तर अक्षर एक इंच उंच. तीस फुटांवरून दुचाकीवाल्याने वाचायचे असेल तर तीन इंच, आणि तेवढ्यात चार-पाच शब्दच मावतात. "पुढे रस्ता बंद. डावीकडे वळा." पुरे.

पावसात इंकजेटची शाई पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकिटाचे तोंड खाली ठेवा. तोंड वर राहिले तर पाणी आत साठते.

संगणकावर जुने फाँट वापरू नका, युनिकोडच (सगळ्या फोन-संगणकांना कळणारी अक्षरपद्धत) वापरा. जुन्या फाँटमधला मजकूर संकेतस्थळावर टाकला की शोधून सापडत नाही, फोनवर निरर्थक चिन्हे दिसतात, आणि अंध व्यक्तीचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफची तीच गत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. माहिती त्यांना वापरता येईल अशी देणे हा त्यातला हक्क आहे, हे पंचायतीत सांगायला उपयोगी पडेल.

पेडण्याचो
व्हॉट्सअ‍ॅपचे मीच घालतो. चित्र पुढे जाते, सोबतचा मजकूर मागे राहतो. म्हणून गाव, तारीख आणि वर्ष चित्राच्या आत हवे. वर्ष नसेल तर हीच सूचना पुढच्या ऑक्टोबरात परत फिरेल. "आज", "उद्या" लिहायचे नाही, कारण फॉरवर्ड कोणत्या दिवशी पोचेल सांगता येत नाही. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत टाका. पुष्कळ फोनांवर देवनागरी आकड्यांवर बोट ठेवले तर फोन लागत नाही.

रिक्षा फिरवून भोंग्यावर सांगायचे असेल तर हिशेब वेगळा. रिक्षा ताशी १५ किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. आवाज पुढे-मागे ४० मीटर स्पष्ट ऐकू येतो असे धरले तर एका घराला २० सेकंद मिळतात. सावकाश बोलून ४० शब्द. म्हणून सगळी सूचना २० शब्दांत बसवा आणि सारखी म्हणत रहा. वाड्याचे नाव सुरुवातीला हवे. नाव कानावर पडल्याशिवाय माणूस पंखा बंद करून ऐकत नाही.

सासष्टीकर
सगळे मराठीचे बोलताय म्हणून आठवण करून देतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामाला वापरता येते. पण आमच्याकडे रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचणारे घरोघर आहेत. तीच सूचना तिन्ही प्रकारांत लागते तेव्हा आधी इंग्रजी करून मग भाषांतर करू नका. इंग्रजीतले लांब वाक्य तसेच उतरते. उत्तरांची यादी समोर ठेवून प्रत्येक भाषेत वेगळे लिहा आणि शेवटी तारखा, वेळा, नंबर तिन्हींत एकच आहेत का ते एकाने मोठ्याने वाचून तपासा. घोटाळा तिथेच होतो.

मसुदालेखनिक
सासष्टीकरांशी पूर्ण सहमत. पुरवणी: माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(४). माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत लक्षात घ्यायची, असे तिथे म्हटले आहे. ग्रामसभेत मागणी मांडताना याचा आधार घ्या.

डिचोलीकर
माकडतापाचा मसुदा वाचला. "अंगभर कपडे घाला" यात हरकत घेण्यासारखे काही नाही, उत्तम मराठी आहे. पण सोपे झाले हे ठरवायचे कोणी? इंग्रजीत वाचनसुलभता मोजायची सूत्रे आहेत म्हणतात. मराठीला ती चालतील का?

कुळागर
जशीच्या तशी नाहीत. ती इंग्रजीतल्या शब्दांची नि अक्षरगटांची लांबी मोजतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "दुकानदारांकडूनसुद्धा" लांब आहे, पण कोणाला अडत नाही. "विहित" तीनच अक्षरी, आणि तिथे माणूस थांबतो.

माणसांवर तपासणे हाच मार्ग. साध्या भाषेसाठी आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्ये आले. त्याची चार सूत्रे आहेत: वाचकाला हवे ते त्यात असावे, ते सापडावे, समजावे आणि वापरता यावे. तपासणी यातल्या चौथ्यावर करा. मसुद्याशी संबंध नसलेली पाच-सहा माणसे घ्या. त्यात एक म्हातारे माणूस आणि एक कमी शिकलेले असू द्या. कागद हातात द्या, पण "कळले का?" विचारू नका. मानापोटी सगळे हो म्हणतात. "मंगळवारी सकाळी तुम्ही काय कराल?" "तुमच्या शेजाऱ्याकडे पाणी असेल का?" असे विचारा. दोघे एकाच ओळीवर अडले तर ओळ चुकली आहे, त्यांना समजावत बसू नका. वाचताना बोट कुठे मागे जाते ते बघा. मागे गेलेले बोट म्हणजे वाक्य तोडायची जागा.

खांडेपारकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. वरचे सगळे धरून मसुदा असा झाला:

पाणी बंद: देऊळवाडा, वरचा वाडा, खालचा वाडा
मंगळवार १४ ऑक्टोबर २०२५ सकाळी ८ पासून बुधवारी रात्रीपर्यंत नळाला पाणी येणार नाही. बाजारवाड्यात पाणी नेहमीसारखे येईल.
गुरुवार १६ ऑक्टोबरला पहाटे पाणी सुरू होईल. शुक्रवारपर्यंत दाब कमी असेल. उंचावरच्या घरांना उशिरा मिळेल.
सोमवारी रात्रीपर्यंत पाणी भरून झाकून ठेवा. चार माणसांना पिणे, रांधणे आणि हातपाय धुणे यासाठी १५ लिटरच्या आठ बादल्या लागतील. कपडे सोमवारीच धुऊन घ्या.
टँकर: मंगळवारी आणि बुधवारी सकाळी ९ ते ११, देवळासमोर. घरी आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल आणि येणे जमत नसेल तर फोन करा: (नंबर)
पाणी आल्यावर: गढूळ पाणी बादलीत धरा, झाडांना घाला. स्वच्छ येऊ लागले की मगच वरची टाकी भरा. दोन दिवस पिण्याचे पाणी फडक्याने गाळून उकळा. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसेच ठेवा.
कारण: मोठ्या पाइपची दुरुस्ती.

चवाठा
वाड्यांची नावे पहिल्या ओळीत आणि बाजारवाडा वगळल्याचे स्पष्ट, हे फार बरे केले.

अबोली
दुरुस्ती लांबली तर? पाइपचे काम ठरल्या वेळी संपेलच असे नाही, आणि गुरुवारी पहाटे नळ कोरडा निघाला तर पुढच्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. एक ओळ वाढवा: "काम वेळेत संपते आहे की नाही, ते बुधवारी संध्याकाळी ५ वाजता याच फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू." संपत असले तरी कळवायचे.

खांडेपारकर (धागाकर्ता)
घेतली. बुधवारी ५ वाजता कोण लिहिणार त्याचे नाव मसुद्याच्या मागच्या बाजूला टाकतो, आणि शनिवारी कागद कोण काढणार त्याचेही. माकडतापाचा मसुदा काजूच्या आधी, डिसेंबरात लागायला हवा. सत्तरीकर, तो वेगळ्या धाग्यावर घेऊया का?